घटक ५ : आईची बोली आणि मुलीचे पुस्तक – नेब्रास्कातील एका स्विस शेतकरी कुटुंबाचा अभ्यास

५.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• स्थलांतरित कुटुंबात भाषापालट कसा घडतो, हे एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करता येईल.
• 'डायग्लोसिया' ही संकल्पना सांगता येईल व तिची मराठीतील प्रमाण-बोली संबंधाशी तुलना करता येईल.
• चरित्रलेखनात कोणाचे आयुष्य नोंदले जाते आणि कोणाचे निसटते, याचा विचार करता येईल.
• आपल्या घरातील ज्येष्ठ स्त्रीच्या बोलीची पद्धतशीर नोंद करता येईल.

५.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण भाषासंपर्काची तत्त्वे पाहिली. दोन भाषा एकत्र आल्या की शब्दांची उसनवारी होते, द्विभाषिकता निर्माण होते आणि कधी कधी एक भाषा मागे हटून दुसरी तिची जागा घेते, हे आपण तेथे वाचले. तत्त्वे लक्षात राहतात. परंतु ती ज्या माणसांवर घडतात त्यांचे काय होते, हे तत्त्वांच्या मांडणीत दिसत नाही. म्हणून या घटकात आपण एकाच कुटुंबाकडे, आणि त्या कुटुंबातील आईकडे, सावकाश पाहणार आहोत.

हे कुटुंब सँडोज. ते अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या वायव्य भागात, नायोब्रारा नदीच्या काठी आणि पुढे 'सँडहिल्स' नावाच्या गवताळ वाळूच्या टेकड्यांत राहत होते. बाप ज्यूल्स सँडोज आणि आई मेरी फेर, दोघेही स्वित्झर्लंडमधून आलेले. त्यांच्या सहा अपत्यांपैकी थोरली मुलगी मारी सँडोज (१८९६–१९६६) पुढे इंग्रजीतील नामवंत लेखिका झाली. तिने वडिलांचे चरित्र लिहिले. ते 'ओल्ड ज्यूल्स' या नावाने १९३५ साली प्रसिद्ध झाले. आई मेरी त्या पुस्तकात पानोपानी आहे, मात्र पुस्तक तिचे नाही. ती १९३८ साली वारली.

हेच कुटुंब का निवडले, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याची कारणे दोन. एक, या घराविषयी लिखित साहित्य उपलब्ध आहे. सामान्य शेतकरी कुटुंबांबाबत तसे क्वचितच घडते. दोन, या घरातील आईची भाषा जगातील भाषाशास्त्रज्ञांनी ज्या परिस्थितीचा सर्वाधिक अभ्यास केला, त्यांपैकी एका परिस्थितीतून आलेली होती.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ देश सोडण्याची कारणे

आज संपन्नतेचे प्रतीक मानला जाणारा स्वित्झर्लंड एकोणिसाव्या शतकात माणसे बाहेर पाठविणारा देश होता. डोंगराळ भूमी, तुटपुंजी शेती, वारसांमध्ये विभागून लहान होत गेलेली वावरे आणि रेल्वे व आगबोटींमुळे परदेशातून येऊ लागलेले स्वस्त धान्य यांमुळे लहान शेतकऱ्याचा निर्वाह कठीण झाला. १८८० ते १८९० या एका दशकात ८० हजारांहून अधिक स्विस माणसे अमेरिकेत गेली.

त्यांना तेथे काय मिळणार होते? अमेरिकेत १८६२ साली 'होमस्टेड कायदा' झाला होता. त्यानुसार शासकीय भूमीचा १६० एकरांचा तुकडा नाममात्र शुल्कात मागता येई. त्यावर घर बांधून, शेती करून पाच वर्षे राहिल्यास तो मालकीचा होई. ज्याच्या गावी दोन-तीन एकर म्हणजे बरी शेती, त्याला १६० एकर हा आकडा स्वप्नवत वाटल्यास नवल नाही. परंतु पश्चिम नेब्रास्कात पाऊस अपुरा. तेथे १६० एकरांत कुटुंब जगत नाही, हे पुढे शासनालाही मान्य करावे लागले आणि १९०४ च्या 'किंकेड कायद्या'ने तेथील मर्यादा ६४० एकरांपर्यंत वाढविण्यात आली.

स्थलांतरितांचे दोन प्रकार येथे लक्षात घ्या. काही जण गावच्या गाव घेऊन गेले. ग्लारुस प्रांतातील लोकांनी १८४५ साली विस्कॉन्सिनमध्ये 'न्यू ग्लारुस' हे गाव वसविले. शेजारीपाजारी सर्व एकाच प्रांताचे असल्यामुळे तेथे त्यांची बोली पुढे अनेक दशके टिकली. काही जण मात्र एकेकटे गेले आणि नाना देशांच्या शेजाऱ्यांमध्ये विखुरले. सँडोज कुटुंब या दुसऱ्या प्रकारातील होय. भाषा टिकण्या-न टिकण्याच्या दृष्टीने हा फरक निर्णायक असतो.

५.३.२ मेरी फेर

ज्यूल्स सँडोज हा फ्रेंचभाषक नूशातेल प्रांताचा. झुरिच येथे त्याने काही काळ वैद्यकाचे शिक्षण घेतले होते. घरच्यांशी बिनसल्यावर तो अमेरिकेत आला आणि १८८४ साली नायोब्रारा नदीच्या काठी पोहोचला. विहीर खोदताना पडून त्याचा एक पाय कायमचा अधू झाला. तो हुशार, वाचणारा आणि फळबागांचे प्रयोग करणारा होता. नव्या वसाहतकारांना जमिनी दाखवून वसविण्याचे त्याला वेड होते. तसाच तो तापट, हट्टी आणि घरात क्रूर होता. मेरीशी विवाह होण्यापूर्वी त्याचे तीन संसार मोडलेले होते.

मेरी फेर ही जर्मनभाषक स्विस. १८९५ च्या सुमारास ती त्याची चौथी पत्नी झाली. आधीच्या तिघींच्या बाबतीत जे घडले नाही, ते तिच्या बाबतीत घडले : ती राहिली. तिने सहा मुलांना जन्म दिला आणि सर्वांना वाढविले. तिच्या दिनक्रमाचे चित्र मुलीच्या लेखनातून उभे राहते. बाग खुरपणे, गाई-गुरे, कोंबड्या, पाव भाजणे, फळे टिकवून ठेवणे, कपडे शिवणे. याखेरीज जमीन पाहण्यासाठी नवरा ज्यांना घेऊन येई त्या परक्या माणसांचा स्वयंपाक. वसाहत वसविण्याचे श्रेय ज्यूल्सला मिळाले. त्या वसाहतीचे पहिले काही दिवसांचे जेवण मेरीच्या चुलीवर शिजले.

पुस्तकातील एक प्रसंग वाचकाला विसरता येत नाही. गुरांच्या कामात मदत करताना मेरीकडून वासरू धरवत नाही, म्हणून ज्यूल्स तिला मारतो. ती घरात धावत येऊन विष हातात घेते. तिची वृद्ध आई त्या काळात त्याच घरी राहत असे. तीच म्हातारी मुलीच्या हातातून बाटली उडवते. हे सारे लहान मुलांसमोर घडते, आणि पुढे त्यांपैकीच एक ते लिहून ठेवते. हा प्रसंग केवळ कारुण्यासाठी सांगितलेला नाही. आपण 'स्थलांतर', 'वसाहत', 'भाषापालट' असे तटस्थ शब्द वापरतो तेव्हा त्या शब्दांच्या आत अशी घरे असतात, याचे भान अभ्यासकाने ठेवावयाचे असते.

५.३.३ कागदपत्रांतील आई

आता एक प्रश्न विचारून पाहू. मुलगी लेखिका झाली नसती, तर मेरी फेरविषयी आपल्याला काय समजले असते?

होमस्टेड कायद्यानुसार जमीन मागणारी व्यक्ती कुटुंबप्रमुख असावी किंवा तिचे वय २१ वर्षे पूर्ण असावे, अशी अट होती. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला जमीन मागता येई आणि अनेक स्त्रियांनी ती मागितलीही. मात्र पतीसह राहणारी विवाहित स्त्री कुटुंबप्रमुख मानली जात नसे. परिणामी ज्या जमिनीवर तिने आयुष्यभर राबावयाचे, त्या जमिनीचा दाखला पतीच्या नावे होई. जनगणनेच्या कागदावर तिची नोंद 'पत्नी' अशी. विवाहनोंद, मुलांच्या जन्माच्या नोंदी आणि शेवटी मृत्यूची नोंद, एवढ्यावर बहुतेक शेतकरी स्त्रियांचा लिखित इतिहास संपतो.

यांपैकी कोणत्याही कागदावर तिची वाक्ये नाहीत. ती काय बोलली, कोणत्या शब्दांत रागावली, मुलांना झोपविताना काय म्हणाली, हे कोणतेही कार्यालय नोंदवीत नाही. भाषेच्या अभ्यासकाला नेमके तेच हवे असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) न्यू ग्लारुस येथील स्विस लोक आणि सँडोज कुटुंब यांच्या परिस्थितीत भाषेच्या दृष्टीने कोणता फरक होता?
(आ) विवाहित शेतकरी स्त्रीची नोंद शासकीय कागदपत्रांत त्रोटक का आढळते?

५.३.४ घरातील भाषा : डायग्लोसिया आणि तिचे तुटणे

मेरी ज्या भागातून आली तेथील भाषाव्यवस्था समजून घेऊ. चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९५९ साली 'डायग्लोसिया' या शीर्षकाचा निबंध लिहिला. एकाच समाजात एकाच भाषेची दोन रूपे वेगवेगळ्या कामांसाठी स्थिरपणे वापरली जातात, तेव्हा त्या स्थितीला त्याने हे नाव दिले. मराठीत आपण तिला 'भाषेची दुहेरी व्यवस्था' म्हणू. एक रूप 'उच्च' : शाळा, प्रवचन, वृत्तपत्र, ग्रंथ यांसाठी. दुसरे 'निम्न' : घर, बाजार, शेजार, मैत्री यांसाठी. फर्ग्युसनने चार उदाहरणे घेतली : अरबी, आधुनिक ग्रीक, हैतीमधील भाषास्थिती आणि जर्मनभाषक स्वित्झर्लंड.

जर्मनभाषक स्वित्झर्लंडमध्ये लिहिण्याची भाषा प्रमाण जर्मन आणि बोलण्याची भाषा स्विस जर्मन बोली. दोन्हींत उच्चार, व्याकरण व शब्दसंग्रह यांचे मोठे अंतर आहे. येथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. तेथे प्राध्यापक असो, सावकार असो की गोठ्यात काम करणारा मजूर, घरात सर्वजण बोलीच बोलतात. बोली बोलणे हे अडाणीपणाचे लक्षण मानले जात नाही. 'उच्च' आणि 'निम्न' या शब्दांनी दचकू नये. ते कामांची विभागणी दाखवितात, माणसांची नव्हे.

अशा व्यवस्थेतून निघून मेरी नेब्रास्कात आली तेव्हा काय झाले? तिची बोली तिच्याबरोबर आली. मात्र त्या बोलीला आधार देणारी व्यवस्था मागे राहिली. आता 'उच्च' कामे इंग्रजीने घेतली : न्यायालय, जमिनीचे कार्यालय, दुकान, शाळा. पतीची मातृभाषा फ्रेंच. आजूबाजूला निरनिराळ्या देशांतून आलेले शेजारी. जी बोली स्वदेशी सर्वांची होती, ती येथे एका घरातील एका बाईची, तिच्या आईची आणि लहान मुलांची झाली. बाहेरच्या अमेरिकन माणसाला ती 'मोडकी जर्मन' वाटणार. बोली तीच राहिली, तिची पत मात्र समुद्र ओलांडताना गेली.

थोरली मुलगी सुमारे नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेली नाही. शाळेत जाऊ लागली तेव्हा तिच्याजवळ थोडी भेसळीची इंग्रजी आणि तितकीच भेसळीची जर्मन होती, असे तिच्याविषयी नोंदले गेले आहे. या 'भेसळी'कडे दोष म्हणून पाहू नका. लहान वयापासून भावंडांना सांभाळणाऱ्या, पाव भाजणाऱ्या त्या मुलीने आजूबाजूच्या सर्व भाषांतून आपल्या गरजेपुरती एक भाषा घडविली होती. संपर्कातून निर्माण होणारी भाषा अशीच असते आणि तिलाही तिचे नियम असतात.

५.३.५ शाळा, कायदा आणि भाषापालट

स्थलांतरित कुटुंबातील भाषापालट साधारणतः तीन पिढ्यांत पूर्ण होतो, असे अमेरिकेतील अभ्यासातून वारंवार दिसून आले आहे. पहिली पिढी मूळ भाषा बोलते आणि नवी भाषा कामापुरती शिकते. दुसरी पिढी द्विभाषिक होते. तिसरी पिढी नव्या भाषेत एकभाषिक असते. मूळ भाषेतील खाद्यपदार्थांची नावे, नात्यांचे शब्द, एखादी शिवी, एखादी प्रार्थना एवढेच तिच्याजवळ उरते.

हा पालट आपोआप घडतो असे मात्र समजू नये. त्यामागे सत्ता असते. नेब्रास्काचेच उदाहरण पाहा. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जर्मन भाषेविषयी तीव्र द्वेष पसरला. १९१९ साली नेब्रास्का राज्याने एक कायदा केला. कोणत्याही शाळेत इंग्रजीखेरीज अन्य भाषेत शिकविण्यास आणि आठवी इयत्ता उत्तीर्ण होण्यापूर्वी मुलाला अन्य भाषा शिकविण्यास त्याने बंदी घातली. १९२० साली मेयर नावाच्या शिक्षकाने एका दहा वर्षांच्या मुलाला जर्मनमधून बायबलच्या गोष्टी वाचावयास शिकविल्या. त्याबद्दल त्याला २५ डॉलर दंड झाला. त्याने दाद मागितली. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'मेयर विरुद्ध नेब्रास्का' या निकालात तो कायदा घटनाबाह्य ठरविला.

कायदा चार वर्षांत गेला; भीती मात्र त्याबरोबर लगेच गेली नाही. भाषा बोलणे हा संशयाचा विषय होतो, तेव्हा घरातील आईबापच मुलांना ती न बोलण्याचा सल्ला देऊ लागतात. अशा वेळी भाषेचा त्याग हा 'स्वेच्छेचा' दिसतो. अभ्यासकाने त्या स्वेच्छेमागील दडपण पाहिले पाहिजे.

आणि यात विपर्यास असा, की आईच्या बोलीत वाढलेली थोरली मुलगी आठवीपर्यंत शिकून, ग्रामीण शिक्षकांची परीक्षा देऊन, तशाच टेकड्यांतील शाळांत इंग्रजीतून शिकवू लागली. ज्या भाषेने तिला आईच्या बोलीपासून दूर नेले, त्याच भाषेने तिला त्या घरातून बाहेर पडण्याचा मार्ग दिला. तेव्हा भाषापालट म्हणजे केवळ हानी, असेही म्हणता येत नाही. मारहाणीच्या घरातून सुटू पाहणाऱ्या मुलीला इंग्रजी हे दार होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

५.३.६ 'ओल्ड ज्यूल्स' : हे चरित्र कोणाचे?

मारीच्या लेखनाला वडिलांचा तीव्र विरोध होता. लेखक-कलावंत म्हणजे समाजावर जगणारी बांडगुळे, अशा अर्थाचे त्यांचे मत होते. लहानपणी तिची एक कथा वृत्तपत्रात छापून आली तेव्हा त्यांनी तिला शिक्षा केली होती. असे असूनही १९२८ साली मृत्युशय्येवर त्यांनीच आपले आयुष्य लिहिण्याविषयी तिला सुचविले. तिने अनेक वर्षे संशोधन केले. हस्तलिखित दहाहून अधिक प्रकाशकांनी नाकारले. अखेर १९३५ साली एका मोठ्या पुरस्कारासह ते प्रकाशित झाले.

पुस्तकाची रचना आता तपासू. शीर्षकात वडिलांचे नाव. आरंभ वडिलांच्या नेब्रास्कातील आगमनाने. शेवट वडिलांच्या मृत्यूने. म्हणजे चरित्राची चौकट वडिलांच्या आयुष्याची आहे. मेरी त्या चौकटीत मध्येच प्रवेश करते आणि चौकट संपते तेव्हा ती जिवंत आहे. तिचे बालपण चौकटीबाहेर, तिचे वैधव्य चौकटीबाहेर, तिचा मृत्यू चौकटीबाहेर.

दुसरी गोष्ट भाषेची. पुस्तक इंग्रजीत आहे. मेरीची संभाषणे त्यात येतात, पण ती इंग्रजी रूपात. जी वाक्ये मुळात स्विस जर्मन बोलीत उच्चारली गेली असतील, ती आपल्यापर्यंत येताना भाषांतरित झालेली आहेत. ती बोली तशीही फारशी लिहिली जात नव्हती. लिहिण्याचे काम स्वदेशी प्रमाण जर्मनकडे असे आणि अमेरिकेत इंग्रजीकडे. त्यामुळे आईचा शब्द मुलीच्या कानात राहिला आणि कागदावर त्याचा अर्थ तेवढा उतरला. यात लेखिकेचा दोष नाही. वाचक ज्या भाषेचा, त्या भाषेत लेखकाला लिहावे लागते.

तरीही हे पुस्तक आईला पूर्णपणे गमावत नाही. ज्यूल्सची थोरवी सांगतानाच तिची किंमत कोणी मोजली, हे मुलगी लपवीत नाही. बापाच्या चरित्रात आईची बाजू नोंदवून ठेवणे, हे या पुस्तकाचे मोठे वाङ्मयीन धैर्य आहे. मारीची आणखी एक आठवण पुढे पुस्तकरूपाने आली. वारशाचे पैसे हाती येताच वडील ध्वनिमुद्रिका वाजविण्याचे यंत्र आणि ढीगभर तबकड्या विकत आणतात. देणी फेडावयाची असताना, मुलांच्या गरजा समोर असताना हा खर्च झाल्याने आई अस्वस्थ होते. नाताळात शेजारपाजार जमतो आणि घर संगीताने भरून जाते. वडिलांचा आनंद आणि आईचा हिशेब, दोन्ही त्या आठवणीत शेजारी शेजारी उभे आहेत. हिशेब ठेवणारी व्यक्ती कथेची नायिका क्वचितच होते. घर मात्र तिच्या हिशेबावर चालते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) डायग्लोसियाची व्याख्या आपल्या शब्दांत लिहा.
(आ) १९१९ चा नेब्रास्कातील भाषाविषयक कायदा व त्याचा शेवट थोडक्यात सांगा.
(इ) 'ओल्ड ज्यूल्स'च्या चौकटीमुळे मेरीच्या आयुष्याचे कोणते भाग वाचकाला दिसत नाहीत?

५.३.७ १९३८

ज्यूल्सच्या मृत्यूनंतर मेरी दहा वर्षे जगली. स्वतःच्या संसाराचे चित्र छापील पुस्तकाच्या रूपाने जगापुढे आलेले तिने आपल्या हयातीत पाहिले. १९३८ साली ती गेली.

त्याच वर्षी, २० फेब्रुवारी १९३८ रोजी, तिने सोडलेल्या देशात एक सार्वमत झाले. जर्मन, फ्रेंच आणि इटालियन यांच्या बरोबरीने रोमान्श या लहानशा भाषेला चौथी राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता द्यावी का, हा प्रश्न होता. मतदारांपैकी नऊ-दशांशांहून अधिकांनी होकार दिला. थोड्या डोंगराळ खोऱ्यांतील लोकांची भाषा संपूर्ण देशाने आपली मानली. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. तरी त्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. भाषेचे भवितव्य तिच्या व्याकरणात नसते. तिच्या पाठीशी गाव, शाळा आणि शासन उभे राहते की नाही, यावर ते अवलंबून असते. रोमान्शच्या पाठीशी देश उभा राहिला. मेरीच्या बोलीच्या पाठीशी नेब्रास्कात एक स्वयंपाकघर होते.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील जर्मनभाषक वसाहतींच्या दफनभूमीत भाषापालटाचा पुरावा दगडांवर वाचता येतो. जुन्या थडग्यांवरील लेख जर्मन, नंतरचे इंग्रजी. त्या दोहोंमध्ये कोठेतरी अशी एक पिढी असते, जिच्या आईच्या दगडावरील भाषा आणि आईच्या तोंडची भाषा वेगवेगळी असते. माणसाच्या मृत्यूची तारीख दगडावर असते. बोलीच्या मृत्यूची तारीख कोठेच नसते. ती बोली ज्याच्याशी बोलावी असे शेवटचे माणूस गेले, की त्या दिवशी ती त्या घरापुरती संपते. बोलणारा मागे राहिला तरी त्याला ऐकणारा नसतो.

५.३.८ मराठी वाचकाने काय घ्यावे?

'ओल्ड ज्यूल्स' प्रसिद्ध झाले त्याच १९३५ साली मराठीत 'श्यामची आई' प्रसिद्ध झाले. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिले होते. दोन्ही पुस्तके अपत्याने लिहिलेली, दोन्ही दारिद्र्यातील घराची. एकाच्या शीर्षकात आई आहे आणि तिचा मृत्यू हा त्याचा परमोच्च बिंदू आहे. दुसऱ्याच्या शीर्षकात बाप आहे आणि आईचा मृत्यू पुस्तकाच्या बाहेर आहे. एक पुस्तक भक्तीने लिहिले, दुसरे निर्भीडपणे. दोहोंची तुलना करताना कोणते श्रेष्ठ, असा प्रश्न विचारू नका. आई मध्यभागी आल्यावर तिच्याविषयी काय सांगता येते आणि काय सांगता येत नाही, हे पाहा.

भाषेच्या दृष्टीने बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण अधिक जवळचे आहे. त्या निरक्षर होत्या. त्यांची गाणी त्यांचा मुलगा सोपानदेव व एक आप्त यांनी ऐकून उतरवून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली वारल्या आणि संग्रह १९५२ साली प्रसिद्ध झाला. महत्त्वाचे हे, की ती गाणी प्रमाण मराठीत 'सुधारून' छापली गेली नाहीत; खानदेशी बोलीतच छापली गेली. मेरी फेरच्या बाबतीत जे होऊ शकले नाही, ते येथे झाले.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आई अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, आगरी किंवा अन्य बोली बोलते आणि आपण हा घटक प्रमाण मराठीत वाचीत आहात. मराठीतील ही स्थिती फर्ग्युसनच्या काटेकोर अर्थाने डायग्लोसिया नव्हे. कारण आपल्याकडे काही घरांत प्रमाण मराठीच घरातही बोलली जाते आणि त्यामुळे बोली बोलणाऱ्याच्या मनात न्यूनगंड निर्माण होतो. पदवी घेताना आईच्या बोलीची लाज वाटू लागली, असे माझ्या अनेक विद्यार्थ्यांनी मला सांगितले आहे. या घटकातून एवढे जरी पक्के झाले, की ती लाज भाषेतून येत नसून व्यवस्थेतून येते, तरी घटकाचा हेतू सफल झाला असे मी मानेन.

५.४ सारांश

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेतीच्या अडचणींमुळे आणि अमेरिकेतील जमिनीच्या आकर्षणाने हजारो स्विस माणसे स्थलांतरित झाली. मेरी फेर सँडोज ही त्यांपैकी एक. कायद्याने आणि प्रथेने तिचे श्रम पतीच्या नावाखाली गेले. तिची स्विस जर्मन बोली स्वदेशी प्रतिष्ठित होती. नेब्रास्कात ती एका घरापुरती उरली. शाळा, व्यवहार आणि महायुद्धकालीन द्वेष यांनी भाषापालटाला वेग दिला. मुलीने इंग्रजीतून वडिलांचे चरित्र लिहिले आणि त्यात आईची बाजू निर्भीडपणे नोंदवली; परंतु आईचा शेवट आणि आईची बोली त्या चौकटीबाहेर राहिली. भाषा टिकते ती तिला बोलणारा समूह आणि आधार देणारी व्यवस्था असल्यास. समूह उरला नाही, तर निदान नोंद राहावी, हे अभ्यासकाचे कर्तव्य होय.

५.५ पारिभाषिक शब्द

डायग्लोसिया : एकाच समाजात एका भाषेच्या दोन रूपांचा कामांनुसार स्थिर व विभागलेला वापर.
भाषापालट : एखाद्या समूहाने किंवा कुटुंबाने मूळ भाषा सोडून दुसऱ्या भाषेचा स्वीकार करणे.
वारसा भाषा : स्थलांतरितांच्या पुढील पिढ्यांना घरातून मिळालेली, पण बाहेरच्या समाजात न चालणारी भाषा.

५.६ सरावासाठी प्रश्न

१. स्थलांतरित कुटुंबातील भाषापालटाची प्रक्रिया सँडोज कुटुंबाच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'भाषेचा त्याग स्वेच्छेचा दिसतो, तेव्हा त्यामागील दडपण पाहिले पाहिजे.' या विधानाची चर्चा करा.
३. चरित्राची चौकट ठरविताना काय निसटते, हे आपण वाचलेल्या एखाद्या मराठी चरित्राच्या आधारे लिहा.

५.७ उपक्रम

आपल्या घरातील किंवा शेजारच्या सर्वांत वयोवृद्ध स्त्रीजवळ तासभर बसा. तिच्या संमतीने तिचे बोलणे भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करा. स्वयंपाक, शेती, बाळंतपण, सण यांपैकी एक विषय निवडा. नंतर त्यातील पन्नास शब्द, ती ज्या उच्चारात म्हणते त्याच उच्चारात, देवनागरीत लिहा. प्रत्येक शब्दापुढे तिने सांगितलेला अर्थ आणि तिने वापरलेले एक वाक्य नोंदवा. तिचे शब्द दुरुस्त करू नका. वहीच्या पहिल्या पानावर तिचे संपूर्ण नाव, माहेरचे गाव आणि नोंदीची तारीख घाला. ही वही संपर्कसत्राला आणावी. तपासून झाल्यावर ती आपल्याकडेच जपून ठेवावयाची आहे.